जुनी व्हॅन बंद पडतेय, धूर सोडतेय? इंजिन खोलण्याआधी हे वाचा

सकाळचे पावणेआठ. सिल्क बोर्डचा सिग्नल. पुढे बस, मागे बस, दोन्ही बाजूंना दुचाक्या, आणि नेमकी त्याच वेळी तुमची व्हॅन एक आचका देऊन गप्प! तुम्ही चावी फिरवता, इंजिन कुरकुरतं, कसंबसं सुरू होतं आणि मागून असा धूर निघतो की मागचा स्कूटरवाला नाकावर रुमाल धरून तुमच्याकडे रागाने बघतो.

संध्याकाळपर्यंत सल्ल्यांचा ढीग जमा होतो. शेजारचे काका म्हणतात, "प्लग बदलून टाका." ऑफिसातला मित्र म्हणतो, "कार्बोरेटर गेला असणार." आणि गॅरेजवाला सीट उचलून एक नजर टाकतो आणि थंडपणे सांगतो, "इंजिनचं काम निघणार." गंमत म्हणजे या तिघांपैकी कुणीही तुम्हाला दोन साधे प्रश्न विचारलेले नसतात. गाडी नेमकी कधी बंद पडली? आणि धूर कोणत्या रंगाचा होता?

मित्रांनो, आजचा लेख या दोन प्रश्नांवरच आहे. तुम्हाला मेकॅनिक व्हायचं नाही, हातात पाना धरायचीही गरज नाही. पण या दोन गोष्टी नीट बघून गॅरेजात गेलात, तर स्वस्तातलं काम स्वस्तात होतं. आणि काही वेळा, गाडी आत्ताच थांबवली पाहिजे हेही वेळेवर कळतं.

आपली ओळखीची ओम्नी

आपल्याकडे 'जुनी व्हॅन' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मारुती ओम्नी. १९८४ साली ती 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आली, १९८८मध्ये तिचं नाव 'ओम्नी' झालं आणि २०१९पर्यंत ती बनत राहिली. म्हणजे तब्बल ३५ वर्षं! हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी तिला अपहरणासाठी बदनाम केलं, पण खऱ्या आयुष्यात तिने शाळेची मुलं नेली, भाजी नेली, केटरिंगची पातेली नेली, लग्नाचं वऱ्हाड नेलं. बेंगळुरूच्या गल्लीबोळांत ती अजूनही दिसते आणि अनेक घरांची चूल तिच्यावरच पेटते.

तिचं इंजिन छोटं, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. आणि ते बसवलेलं असतं पुढच्या सीटखाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे. जुन्या ओम्नीत कार्बोरेटर असतो, नंतरच्या गाड्यांत एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटर आणि सेन्सरच्या मदतीने पेट्रोल सोडणारी यंत्रणा. तुमची गाडी यातली कोणती, हे आधी माहीत करून घ्या.

पहिला प्रश्न: गाडी कधी बंद पडते?

"मध्येच बंद पडते" हे उत्तर गॅरेजवाल्याच्या काहीच कामाचं नाही. वेळ सांगा.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना बंद पडते आणि गरम झाल्यावर छान चालते? कार्बोरेटरच्या गाडीत चोकवर संशय घ्या. थंड इंजिनाला सुरुवातीला थोडं जास्त पेट्रोल लागतं आणि ते देणं हे चोकचं काम. बेंगळुरूच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी ही तक्रार हमखास वाढते. उलट चोक ओढलेलाच राहिला किंवा त्याची केबल अडकली, तर पेट्रोल जास्त होतं, प्लग ओले होतात आणि गाडी काळा धूर सोडत बंद पडते.

सिग्नलला उभी असताना बंद पडते, पण रेस दिली की चालते? मग 'स्लो'ची बाजू बघायची. कार्बोरेटरमधला स्लो जेट कचऱ्याने बंद झालेला असू शकतो, आयडलिंग कमी लावलेलं असू शकतं किंवा एखादी व्हॅक्यूमची रबरी नळी तडकून तिथून जादा हवा आत जात असू शकते. एमपीएफआय असेल तर थ्रॉटल बॉडीवर काजळी बसलेली असते किंवा आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकतो. यातली बरीचशी कामं साफसफाईची आहेत, मोठ्या खर्चाची नाहीत.

चढावर किंवा वेग घेताना झटके मारते, दम धरत नाही? इंजिनाला लागेल तेवढं पेट्रोल पोहोचत नाही. सगळ्यात आधी पेट्रोल फिल्टर, मग पेट्रोल पंप.

अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होते? इथे दोन संशयित. एक म्हणजे इग्निशन कॉइल. ती खराब होत आली की तापल्यावर करंट देणं बंद करते. दुसरा म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होणं. इंजिन बंदिस्त जागेत, सीटखाली असल्यामुळे ओम्नीत उष्णता साठते आणि दोन्ही त्रास वाढतात. अशा वेळी तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा वर चढत असेल, तर मामला वेगळा आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

पाऊस पडला की बंद पडते? डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरलेली असते किंवा प्लगच्या वायरींना तडे गेलेले असतात. रात्री अंधारात जाणकार माणसाने सीट उचलून चालू इंजिन लांबूनच पाहिलं, तर तडकलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना दिसतात. हात मात्र लावायचा नाही, झटका जोरदार बसतो.

आणि एक जुनी, घरगुती युक्ती. काही किलोमीटर चालून गाडी बंद पडत असेल, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून पाहा. झाकण उघडताच 'फुस्स' करत हवा आत ओढली गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बुजला आहे. आत हवा गेली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही. एवढंसं कारण, पण लोक त्यासाठी पंपसुद्धा बदलून बसतात!

बंद पडण्याची पद्धतही बघा

वेळेइतकीच पद्धतही महत्त्वाची. बटण दाबून दिवा बंद करावा तशी गाडी एकदम गप्प झाली, तर बहुतेक वेळा वीज तुटलेली असते: कॉइल, सैल वायर, बॅटरीची गंजलेली टर्मिनल. आचके देत, अडखळत, हळूहळू दम तोडत बंद पडली, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते नक्की सांगतो.

गाडीला गॅसचं किट असेल तर आणखी सोपं. गाडी पेट्रोलवर घ्या आणि दोन दिवस चालवून पाहा. त्रास फक्त गॅसवर होत असेल, तर इंजिन खोलायचं कारणच नाही, दोष किटमध्ये आहे. किटच्या रेग्युलेटरला गरम राहण्यासाठी इंजिनाचं गरम पाणी लागतं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की रेग्युलेटर गारठतो, त्यावर बर्फही जमतो आणि गाडी बंद पडते. किट मान्यताप्राप्त असावं आणि आरसीवर त्याची नोंद असावी. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणं बेकायदा तर आहेच, पण मागे बसलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरा प्रश्न: धुराचा रंग कोणता?

घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे, जरा बाजूला उभं करा. इंजिन थंड असताना सुरू करा, मग गरम झाल्यावर दोन-तीन वेळा रेस द्या. धुरामागे पांढरी भिंत असेल तर काळा-निळा लगेच ओळखू येतो, गडद भिंत असेल तर पांढरा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पहिला संशयित एअर फिल्टर. मेट्रोची कामं, खोदलेले रस्ते आणि धूळ यामुळे आपल्या शहरात तो फार लवकर तुंबतो. फिल्टर काढून उजेडापुढे धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. तो ठीक असेल तर चोक, आणि मग कार्बोरेटरमधला फ्लोट व त्याची सुई. सुई झिजली की पेट्रोल 'ओव्हरफ्लो' होतं, आत पेट्रोलचा वास येतो आणि मायलेज पडतं. एमपीएफआयमध्ये ऑक्सिजन सेन्सर, तापमानाचा सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. काळा धूर बघून लोक घाबरतात, पण खर्चाच्या दृष्टीने तीन रंगांतला हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त रंग.

इथे बेंगळुरूची एक खास गोष्ट आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. इथली हवा मुंबई-कोकणापेक्षा थोडी विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तेवढंच सोडतो. त्यामुळे मुंबईत ट्यून केलेली सेकंडहँड व्हॅन इथे आणली की तिचं मिश्रण जरा 'जड' होतं, आयडलिंग बिघडतं आणि थोडा काळा धूरही दिसू शकतो. इंजिन खराब नाही, फक्त इथल्या हवेप्रमाणे ट्यूनिंग करून घ्यायचं. एमपीएफआय गाडी हा हिशेब सेन्सरच्या मदतीने स्वतःच करते.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पण त्यातही दोन प्रकार आहेत आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो. किंवा उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिली की एक निळा भपका निघतो. असं असेल तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. हे वरच्या भागाचं, हेडचं काम. पण रेस देताना, चढावर, ओझं असताना सतत निळा धूर येत असेल, ऑइल वरचेवर कमी होत असेल, चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर तिथूनही धूर फुसफुसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. हे मोठं काम.

पांढरा धूर ओळखताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थंड सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पातळ, लगेच विरणारी पांढरी वाफ अगदी नॉर्मल आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात! सायलेन्सर थंड असताना तीच दिसते, कधी थेंबही गळतात. घाबरू नका. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंटची पातळी रोज खाली जात असली, तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. डिपस्टिकवरचं किंवा झाकणाखालचं ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर हा संशय आणखी बळावतो. अशी गाडी घरापर्यंतही चालवत नेऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं, आणि मग गॅस्केटचं काम दुप्पट-तिप्पट होतं.

दोन्ही उत्तरं एकत्र ठेवा

आता वेळ आणि रंग शेजारी ठेवून पाहा, चित्र कसं स्पष्ट होतं ते.

सिग्नलला बंद पडते आणि काळा धूर, पेट्रोलचा वास: कार्बोरेटर ओव्हरफ्लो किंवा तुंबलेला एअर फिल्टर.

तापल्यावर बंद पडते, काटा वर आणि दाट पांढरा धूर: हेड गॅस्केट. गाडी थांबवा.

चढावर दम नाही आणि सतत निळा धूर: रिंगा, म्हणजे कॉम्प्रेशन गेलेलं.

बंद पडते, पण धूर अजिबात नाही: पेट्रोलचा पुरवठा किंवा करंट. इथे इंजिन खोलायचा प्रश्नच येत नाही.

आणि साक्षीदार हवा असेल तर प्लग काढायला सांगा. तीन सिलिंडर, तीन प्लग. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि तिघांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता मोठी. प्लग काढल्यावर कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीने मांडायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

'इंजिन काम' म्हणाले तर आधी कॉम्प्रेशन

निळा धूर दिसला की काही गॅरेजांत थेट इंजिन उतरवण्याची भाषा सुरू होते. तिथे शांतपणे एकच विनंती करा: "आधी कॉम्प्रेशन चेक करा." प्लगच्या जागी मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एखाद्याचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने फटी तात्पुरत्या बुजवल्या. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. दाब तिन्ही सिलिंडरांत चांगला असेल आणि धूर फक्त सकाळीच येत असेल, तर रिंगांसाठी इंजिन खोलू देऊ नका. या एका चाचणीने हजारो रुपये वाचू शकतात.

दुसरी स्वस्त तपासणी तुम्ही तशीही करताच: पीयूसी, ज्याला बेंगळुरूत आपण 'एमिशन टेस्ट' म्हणतो. भारत स्टेज चार किंवा त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षातून एकदा, जुन्यांना दर सहा महिन्यांनी लागते. आपण कागद घेतो आणि डॅशबोर्डमध्ये कोंबतो. पण त्यावरचे आकडे वाचा, ती गाडीची रक्ततपासणीच आहे. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जास्त आला, तर पेट्रोल जास्त जातंय. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल जास्त आणि सीओ मात्र बेताचा, तर एखादा सिलिंडर 'मिसिंग' मारतोय. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना सीओची मर्यादा ३ टक्के आहे, स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के. मागच्या आणि आताच्या कागदावरचे आकडे शेजारी ठेवा. वाढत चालले असतील, तर धूर डोळ्यांना दिसण्याआधीच तुम्हाला कळेल. आणि एक विनंती, गाडी न नेता मिळणारा कागद घेऊ नका. तो पोलिसांना दाखवता येईल, पण गाडीबद्दल तो तुम्हाला काहीही सांगणार नाही.

जो धूर दिसत नाही, तो जास्त घातक

आता त्या महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊया. इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे चालक आणि शेजारी बसलेलं मूल अक्षरशः इंजिनावर बसलेले असतात. सीटखालच्या झाकणाचं रबर कुजलं, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं किंवा सायलेन्सरला भोकं पडली, तर धूर मागून बाहेर जाण्याऐवजी गाडीच्या आत येऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आपल्याला वाटतं, "गाडी लागली असेल" किंवा "ऊन लागलं."

तुमचं मूल व्हॅनने शाळेत जात असेल, तर हे जरूर विचारा: व्हॅनमधून उतरल्यावर डोकं दुखतं का? सुट्टीच्या दिवशी दुखत नाही ना? युनिफॉर्मला पेट्रोलचा किंवा धुराचा वास येतो का? गाडी सारखी बंद पडते का? उत्तर 'हो' आलं तर व्हॅनवाल्या दादांशी बोला. भांडायला नको. दिवसभर त्याच सीटवर बसून तोच धूर त्यांच्याही छातीत जातोय. सगळ्या पालकांनी मिळून सायलेन्सर आणि गॅस्केटच्या कामाला हातभार लावला, तर कुणावरच फार भार पडत नाही.

आणखी दोन गोष्टी. सामान जास्त आहे म्हणून मागचा दरवाजा उघडा ठेवून, दोरीने बांधून व्हॅन चालवू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर त्या दरवाजातून आत ओढला जातो. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही.

पाण्यात बंद पडली तर

मे २०२३मध्ये आपल्याच शहरात, के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये साचलेल्या पाण्यात गाडी बुडून एका तरुणीचा जीव गेला. ती गाडी नवी की जुनी हा प्रश्न नाही. वारंवार बंद पडणारी गाडी घेऊन साचलेल्या पाण्यात उतरणं म्हणजे तोच धोका आपण होऊन ओढवणं. पाण्याची खोली दिसत नसेल तर मागे फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलंच, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरोखरच इंजिन उतरवावं लागतं. माणसं बाहेर काढा, गाडी ढकलत बाहेर घ्या, आणि प्लग काढून पाहिल्याशिवाय चावी फिरवू नका.

पेट्रोल बदललं, नळ्या जुन्याच

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओल शोषून घेतं आणि जुन्या रबराला ते फारसं मानवत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या व्हॅनमधल्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेली होती. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट दीर्घ वापरानंतर बदलावे लागू शकतात, असं सरकारनेही म्हटलं आहे. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी नळ्या दाबून पाहायला सांगा. फुगलेल्या, चिकट झालेल्या, तडकलेल्या नळ्या बदला. गळणाऱ्या नळीखाली गरम इंजिन असतं, हे विसरू नका. आणि व्हॅन महिनाभर उभी ठेवायची असेल, तर अधूनमधून एक चक्कर मारा.

मेकॅनिकशी बोलताना

आपल्यापैकी अनेकांचं कन्नड रिक्षावाल्यापुरतंच असतं. तेव्हा हे चार शब्द शिकून ठेवा. धूर म्हणजे 'होगे'. काळा धूर 'कप्पु होगे', निळा 'नीलि होगे', पांढरा 'बिळि होगे'. सकाळी म्हणजे 'बेळिग्गे'. 'बेळिग्गे नीलि होगे' एवढं म्हटलंत तरी अर्धं निदान झालं! शिवाय मोबाइलवर धुराचा आणि बंद पडण्याच्या आवाजाचा व्हिडिओ असेल, तर भाषेची गरजच उरत नाही. गॅरेजात नेल्यावर नेमकी गाडी शहाण्यासारखी वागते, हा अनुभव सगळ्यांनाच असतो. तेव्हा व्हिडिओच कामी येतो.

ओम्नीचे सुटे भाग जे. सी. रोडच्या दुकानांत मिळतात, आणि शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुनेही. दरवाजाचं हँडल, आरसा, दिवा जुना घ्यायला हरकत नाही. पण कार्बोरेटरची किट, नळ्या, गॅस्केट, कॉइल नवीनच घ्या. दुसऱ्याच्या गाडीत झिजलेला भाग आपल्या गाडीत तरुण होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस गाडी चालवून पाहा. चार भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

गणपतीला गावी निघण्याआधी

बेंगळुरूहून हुबळी, बेळगाव, निपाणी करत कोल्हापूर-साताऱ्याकडे निघालात, की महामार्गावर जुन्या व्हॅनची खरी परीक्षा होते. तवंदीचा घाट आहे, पुढे पुण्याकडे जायचं तर खंबाटकी आहे, आणि बेळगावहून कोकणात उतरायचं तर आंबोली. शहरात सिग्नलपुरती कुरकुरणारी गाडी घाटात, भरल्या सामानासह, पावसात बंद पडली तर काय होईल याचा विचार आधी करा. निघण्याच्या आठवडाभर आधी ऑइल, कूलंट, पंख्याचा पट्टा, पेट्रोल फिल्टर आणि ब्रेक तपासून घ्या. निळा धूर असेल तर एक लिटर ऑइल सोबत ठेवा आणि दर दीड-दोनशे किलोमीटरला, इंजिन बंद करून थोडं थांबल्यावर, डिपस्टिक पाहा. पांढरा धूर आणि कूलंट कमी होणं असेल, तर व्हॅन घरी ठेवा. यंदा रेल्वेने किंवा बसने जा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं पाणी उसळून चेहऱ्यावर येतं.

आणि कधीतरी व्हॅनचा निरोपही घ्यावा लागतो. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा करून घ्यावी लागते, त्यासाठी तिची तपासणी होते. कॉम्प्रेशन गेलं असेल, पत्रा खालून कुजला असेल आणि पीयूसीचे आकडे ऐकत नसतील, तर दुरुस्तीच्या खर्चाचा कागदावर हिशेब मांडा. त्या पैशांत पुढची किती वर्षं मिळतील ते बघा. जिच्यावर घर चाललं तिचा मोह सुटत नाही, हे खरं. पण त्याच सीटवर उद्या मूल बसणार आहे, हेही खरं.

तोपर्यंत एक काम करा. गाडीत एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कधी बंद पडली, धूर कोणता, ऑइल किती घातलं. दिवसाला एक ओळ पुरे. महिनाभराने ती वही मेकॅनिकच्या हातात द्या आणि त्याच्याकडून कामाचा अंदाज लिहून घ्या.